दर पावसाळ्यात मागची दारं फुगतात आणि डावी खालची पट्टी पुन्हा सडते: मॉरिस मायनर ट्रॅव्हलरच्या लाकडाचं दुखणं नेमकं कुठे होतं

आधीच सांगून टाकतो, मी सुतार नाही, मेकॅनिक तर अजिबातच नाही, नोकरी सांभाळून रविवारी गाडीखाली लोळणारा माणूस आहे. पण एकच बिघाड मी एकाच जागी चार वेळा दुरुस्त केलाय, त्यामुळे त्या जागेपुरता तरी मला बोलायचा हक्क आहे असं समजतो.

गाडी म्हणजे १९६१ ची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, ९४८ सीसीवाली. २०१३ पासून नागपुरात आमच्या घरच्या पोर्चमध्ये उभी असते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, पुढून ती नेहमीची गोलमटोल मायनर, पण पुढच्या दारांच्या मागे सगळी बॉडी लाकडी चौकटीवर उभी आहे. मूळ चौकट ॲश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाची, मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे, वर ॲल्युमिनियमचं छत, बाजूला सरकत्या काचा आणि मागे कपाटासारखी उघडणारी दोन दारं. १९५३ ते १९७१ अशी ही गाडी बनत होती. येणारा जाणारा प्रत्येक जण "शोसाठी लावलंय ना लाकूड" असं विचारतो. नाही हो, ते लाकूड गाडीचा मागचा अर्धा भाग धरून ठेवतं, ब्रिटनमध्ये २०१८ पर्यंत एवढ्या जुन्या गाडीलाही वार्षिक तपासणी सक्तीची होती, आणि तीत ही चौकट सडलेली निघाली तर गाडी नापास करायचे. म्हणून पॉलिश मारून मोकळं व्हावं असं हे प्रकरण नाही.

आता तक्रार काय होती ते सांगतो. एक, साधारण पोळा आणि मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घेऊन जा म्हणत गावाबाहेर नेतात तो पुतळा) सुमाराला मागची दोन्ही दारं फुगून एकमेकांत अडकायची, उघडताना गुडघा लावावा लागायचा. आणि तीच दारं मे महिन्यात अशी ढिली की रामदासपेठेच्या स्पीडब्रेकरवर डबा वाजल्यासारखा आवाज. दोन, डाव्या बाजूची खालची आडवी पट्टी, मागच्या चाकाच्या जरा पुढे, दरवर्षी काळी पडून मऊ व्हायची. उजवीकडची तीच पट्टी ठणठणीत. तीन, वार्निश कधीच वर्षभर टिकलं नाही, आधी केसासारख्या चिरा, मग त्याखाली राखाडी डाग, मग नखाने सोलून निघायचं, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं.

मी काय करत होतो ते ऐका, कारण तुमच्यापैकी बरेच जण हेच करत असणार. काळा भाग पटाशीने खरवडायचा, डेंटिंगवाल्याकडची लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वरून घासून ब्राऊन कलर, सगळ्या फटींमध्ये सिलिकॉन दाबून भरायचं, जिथे म्हणून पाणी शिरेल असं वाटलं तिथे, आणि त्यावर दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) वार्निश जाडजूड. दिवाळीला गाडी अशी चमकायची की शेजारचे फोटो काढायला यायचे. पुढच्या ऑगस्टला लांबीचा तुकडा अख्खा हातात. मागे ओला भुसा. वास ओल्या पोत्यासारखा.

तिसऱ्या वर्षी वैतागून मॉइश्चर मीटर घेतला, दोन सुया टोचून लाकडातली ओल टक्क्यात सांगणारा, साधाच, ऑनलाइन मिळतो. आणि तो घेतला नसता तर मी आजही लांबीच भरत बसलो असतो. मे महिना, दुपारी बाहेर ४४ डिग्री, आईने गच्चीवर टाकलेले पापड दोन तासात कडक. गाडीच्या वरच्या पट्टीत मीटर म्हणतो ६. उजवी खालची पट्टी ७. डावी खालची पट्टी २२! मला वाटलं मीटरच बिघडला, सेल बदलले, दुसऱ्या जागी टोचलं, तरी २१, २२. साधं गणित असं आहे की लाकडाला कुजवणारी बुरशी वाढायला साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते, त्याखाली ती झोपलेली असते. म्हणजे माझी पट्टी फक्त पावसाळ्यात सडत नव्हती, ती बारा महिने सडत होती आणि मी फक्त पावसाळ्यात बघत होतो.

मग प्रश्न असा की मे महिन्यात नागपुरात पाणी येतंय कुठून. उत्तर आईने दिलं, तेही मला नाही, कामवाल्या मावशींना. "त्या कूलरमुळे भिंतीचा पोपडा निघाला बघा." मी तिथेच उभा होतो. हॉलचा कूलर पोर्चमध्ये स्टँडवर, खिडकीला लावलेला, त्याच्या वाळ्याच्या जाळीतून पाणी ठिबकतं, सकाळी पाइप लावून टाकी भरताना हमखास ओव्हरफ्लो होतो, आणि गाडीची डावी बाजू त्यापासून जेमतेम दोन फूट. एप्रिल ते जून, तीन महिने त्या पट्टीखालची फरशी कधी वाळतच नव्हती. अख्ख्या विदर्भात एवढं कोरडं हवामान आणि मी माझ्या गाडीसाठी खास दलदल करून ठेवली होती. कूलर हलवला नाही (हलवला असता तर घरात मीच राहिलो नसतो), गाडी उलटी लावायला लागलो आणि ओव्हरफ्लोला नळी जोडून पाणी तुळशीकडे काढलं. खर्च साठ रुपये.

पण फक्त कूलर हे कारण असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. नळी लावल्यावर मे मध्ये आकडा १२ वर आला, मी खूष, आणि ऑगस्टमध्ये परत २६. उजवीकडे तेव्हा १६, १७, जे नागपूरच्या पावसाळ्यात सावलीतल्या लाकडाचं बरोबर आहे. म्हणजे वरूनही पाणी येत होतं.

यासाठी पाइपची टेस्ट करा, आणि ती खालून वर करा, वरून खाली नाही. वरून पाणी सोडलं की सगळीकडून वाहतं आणि कळत काहीच नाही. आतल्या बाजूला सगळे जोड कोरडे पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवायची, मग बाहेरून आधी फक्त खालच्या पट्टीवर पाच मिनिटं बारीक धार, आत बघायचं, मग मधली पट्टी, मग काचेची खाच, मग छताची कड. जिथून पाणी शिरतं तिथे पावडरमध्ये ओघळ उमटतो, अगदी मुंगी चालल्यासारखी रेघ. माझ्याकडे खालच्या आणि मधल्या पट्टीला काहीच झालं नाही. सरकत्या काचेच्या खाचेवर धार धरली आणि तिसऱ्या मिनिटाला डाव्या खांबाच्या पायथ्याशी रेघ.

आता खरी गंमत. त्या काचेच्या खाचेत पाणी येणारच आहे, ते येऊ नये अशी अपेक्षाच नव्हती. बनवणाऱ्यांनी म्हणून खाचेच्या तळाला बारीक भोकं ठेवलीत, पाणी आलं की त्यातून बाहेर जावं. ती भोकं मी दुसऱ्या वर्षी "फट दिसतेय" म्हणून सिलिकॉनने बुजवली होती. माझ्या हाताने. मोठ्या काळजीने, पट्टी टेप लावून, सरळ रेषेत. उजव्या बाजूला सिलिकॉन संपलं होतं म्हणून ती भोकं उघडी राहिली आणि ती बाजू वाचली, यापुढे मी माझ्या मेहनतीबद्दल काय बोलणार.

माझ्याकडे काम करायला येणारे मिस्त्री उमरेडकडचे, त्यांच्या वडिलांचा बैलबंड्या बनवायचा धंदा होता. त्यांनी पट्टी बघितली, सिलिकॉन नखाने ओढून काढलं आणि म्हणाले, "भाऊ, बंडी चिखलातून जाते, नाल्यातून जाते, सडते काय लवकर? कायले सडन, पानी लागते आन वाळते. तुमी तं पानी आंदर कोंडून रायले." पटलं. मात्र त्यांचं सगळंच ऐकू नका, त्यांनीच सांगितलं म्हणून मी एका दाराला कच्चं जवसाचं तेल चोपडलं होतं, ते महिनाभर चिकट राहिलं आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी अशी फुलली की मारबतीलाच सांगावंसं वाटलं, हे पण घेऊन जा गे बाई. कच्चं तेल वाळतच नाही लवकर, बुरशीला जेवण होतं.

तर तुमची पट्टी कुठल्या अवस्थेत आहे ते आधी ठरवा. टोच्या घ्या, दाबा. टोच्या आत जात नाही पण रंग काळा आहे, तर तो बहुतेक डाग आहे, सड नाही. लोखंडी स्क्रूभोवती निळसर काळं वर्तुळ असेल तर ते लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन यांचं काम, सागवानातही दिसतं. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड, केमिकलच्या दुकानात पावडर मिळते, लिटरभर कोमट पाण्यात ५० ते ६० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात, ब्रशने लावून अर्धा तास ठेवायचं आणि दोनतीनदा भरपूर पाण्याने धुवायचं. हे विषारी आहे, ग्लोव्हज, चष्मा लावा, लहान मुलं आणि कुत्रा लांब, आणि धुतल्याशिवाय पॉलिश पेपर मारू नका, ती धूळ नाकात गेली तर फार वाईट. आणि तो लोखंडी स्क्रू तसाच ठेवून डाग घालवला तर सहा महिन्यात डाग परत हजर, स्क्रू बदलावाच लागतो.

टोच्या तीनचार मिलिमीटर जातो आणि लाकूड धागेधागे निघतं, तर ती सड. इथे लांबी, फिलर, ओतायचं पातळ केमिकल यातलं काही उपयोगाचं नाही, निदान जिथे वजन पेलायचं आहे तिथे तरी नाही. फिलरच्या मागे ओल राहते आणि फिलर लाकडाबरोबर फुगत आकसत नाही, म्हणून तो सुटून येतो. कापा. पक्कं लाकूड लागेपर्यंत आणि त्याच्याही पुढे चार बोटं कापा. बारीक पिठासारखी भुकटी पडत असेल आणि टाचणीएवढी भोकं असतील तर तो घुण, ॲशला आणि सागवानाच्या पांढरट भागाला लागतो. बोरॅक्स आणि बोरिक पावडर ३ ला २ अशी गरम पाण्यात विरघळवून दोनदा पाजायची, वाळू द्यायची, मग वरून वार्निश, कारण बोरॅक्स पाण्याने धुऊन जातं.

लाकूड कुठलं घ्यायचं यावर लोक भांडतात. ॲश इथे सहज मिळत नाही, आणि मिळालं तरी मला नको, लवचीक आहे, धक्का मस्त सोसतं, पण ओलीत टिकण्यात अगदीच कच्चं. आपण बसलोय सागवानाच्या राज्यात, गडचिरोली चंद्रपूरचा माल, ज्याला बाजारात आजही सीपी टीक (जुन्या सेंट्रल प्रोव्हिन्सेसचं सागवान) म्हणतात. लकडगंजला कुठल्याही आरा मशीनवर जा, चहा पाजून माल दाखवतात. फळी निवडताना मात्र चहाकडे नाही, कडेकडे बघा. कडेचा पांढरट पट्टा असेल तर तो कापून टाकायचा, सागवान टिकतं ते फक्त आतल्या तपकिरी गाभ्याचं, पांढरं लाकूड आंब्याच्या फळीइतकंच सडतं. मीटर बरोबर न्या. मी ऑगस्टमध्ये घेतलेली फळी १९ होती, दुकानदार शपथेवर "एकदम सुखा माल" म्हणत होता. घरात पलंगाखाली, मध्ये पट्ट्या घालून चार महिने ठेवली तेव्हा कुठे ११ वर आली. सागवान ॲशपेक्षा कमी वाकतं, स्क्रूने लगेच चिरतं म्हणून आधी गिरमिट मारा, आणि पटाशीची धार खातं, त्यात वाळूसारखं सिलिका असतं. चाकावरची कमान मी वाकवायचा प्रयत्नच केला नाही, जाड फळीतून तुकडे कापून जोडली.

आणि आता ते दारं फुगायचं कोडं, ज्याचं उत्तर सापडल्यावर मला स्वतःचाच राग आला. मी हे काम दरवेळी मे महिन्याच्या सुट्टीत करायचो. मे मध्ये लाकूड ५, ६ टक्क्यांवर, एकदम आकसलेलं, त्यावेळी दाराची फट मी हौसेने २ मिलिमीटरवर आणून ठेवायचो. ऑगस्टमध्ये तेच लाकूड १६ वर. सागवान दर एक टक्का ओलीला आडव्या दिशेने साधारण ०.२ टक्के फुगतं, म्हणजे ७५ मिलिमीटर रुंद पट्टी दहा टक्क्यांच्या फरकात दीड मिलिमीटर वाढते, ॲश तर जवळपास दोन. मागे दोन दारं आहेत, दोघांच्या पट्ट्या एकमेकींकडे वाढतात. दोन मिलिमीटरची फट राहणार कुठे! मुंबई पुण्याचे लोक सांगतात आमच्याकडे असं होत नाही, होणार नाहीच, त्यांच्याकडे उन्हाळा पावसाळ्यातला फरक आपल्याइतका टोकाचा नाही. रंधा मारून दार बारीक करायचा मोह होतो, मी एकदा केलाय, मग मे मध्ये फटीतून बोट जात होतं. रंधा मारू नका. फिटिंग नोव्हेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत करा, मीटर १० ते ११ दाखवत असताना, आणि फट साडेतीन, चार ठेवा, रबराने झाकली जाते. माझं फिटिंग मागच्या नोव्हेंबरमध्ये झालं, त्यानंतर पूर्ण पावसाळ्यात गुडघा लावावा लागला नाही.

जोड देताना समोरासमोर टोकं चिकटवू नका, तिरका काप द्या, जाडीच्या आठपट लांब, २५ मिलिमीटरच्या पट्टीला २०० मिलिमीटर. फर्निचरचा पांढरा ग्लू इथे नको, दोन भागांचा इपॉक्सी. सागवान तेलकट असतं म्हणून चिकटवायच्या अगदी आधी ताजा पेपर मारायचा आणि ॲसिटोनने पुसायचं, पुसून चहा प्यायला गेलात तर परत पुसा, तेल वर येतं. शिकंजा फार आवळू नका, सगळा ग्लू बाहेर येऊन जोड कोरडा राहतो. सकाळी आठच्या आत करा, मी एकदा दुपारी केलं तर कपातच इपॉक्सी तापून धूर निघाला, ब्रश अजून त्यात उभा आहे, आठवण म्हणून ठेवलाय.

स्क्रू स्टेनलेसचे. पितळी दिसतात छान, पण ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पितळ लागलं आणि ओल मिळाली की पत्राच खाल्ला जातो, भोवती पांढरी पावडर दिसायला लागते. लाकूड ते लाकूड असेल तिथे पितळी चालतील, आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत बाहेर करून घ्या, मेणबत्ती घासा, नाहीतर डोकं तुटून हातात येतं.

पत्रा ज्या खाचेत बसतो तिथे न वाळणारं मऊ सीलंट फक्त वरच्या कडेला आणि बाजूंना लावलं, खालची कड मुद्दाम मोकळी. काचेच्या खाचेची भोकं सायकलच्या स्पोकने साफ केली, हे आता दर महिन्याला करतो, दोन मिनिटांचं काम आहे, कडुनिंबाची काडी आणि धूळ अडकलेलीच असते. प्रत्येक तुकड्याचं कापलेलं टोक मात्र बसवण्याआधी पातळ इपॉक्सीने दोनदा भरलं, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाने, स्ट्रॉसारखं, पृष्ठभागाने फार कमी. खालच्या पट्टीच्या तळाला डांबर किंवा अंडरकोट अजिबात नाही, नुसता पातळ वार्निशचा हात. सर्व्हिसिंगला दिलीत तर पोराला आधीच सांगून ठेवा, तो प्रेमाने मारून देतो.

वार्निशचं थोडक्यात. दोन भागांचं कडक पीयू घरातल्या डायनिंग टेबलला उत्तम, इथे लाकूड हलतं आणि ते हलत नाही, म्हणून चिरतं, चिरेतून पाणी खाली जातं आणि वर येऊ शकत नाही. बोटींसाठीचं स्पार वार्निश वापरा, ते मऊ राहतं आणि उन्हाला टिकतं. जुनं सगळं काढा, मी हीट गन काचेजवळ वापरली नाही, फुटलेल्या काचेच्या सरळ कडेने खरवडलं, आपले पॉलिशवाले करतात तसं, हात सांभाळून. जिथे सिलिकॉन होतं तिथे वार्निश डोळे पाडतं, गोल गोल खड्डे, म्हणून ती जागा पत्रीने खरवडून थिनरने पुसा, मग पुन्हा पुसा. पहिला हात अर्धं टर्पेंटाइन घालून, दुसऱ्यात पाव, मग पाचेक हात सरळ, मधे ३२० चा पेपर. उन्हात नाही, फुगे येतात. आणि दर ऑक्टोबरमध्ये, चीर दिसायच्या आधी, हलका पेपर मारून एक हात.

या वर्षीचे आकडे, गणपतीत घेतलेले: डावी खालची पट्टी १६, उजवी १६, खांबाचा पायथा १७, दारं १५. फक्त उजव्या मागच्या दाराच्या खालच्या आडव्या पट्टीत १९ आलाय, तिथे पावडरची टेस्ट केली तर काचेच्या रबराच्या कोपऱ्यातून रेघ आली. रबर कडक झालंय, नखाने दाबलं तर चीर दिसते. नवीन मागवलंय, तोवर तिथे काहीही भरलेलं नाही, सिलिकॉनची ट्यूब शेजाऱ्याला देऊन टाकली, त्याच्या बाथरूमच्या टाइल्ससाठी.